छोटी लेन्स

दादामियाँ : मुंबईचं पत्र तूच वाच, नसीम. चष्मा कुठं ठेवलाय कोण जाणे.

नसीमबी : नाकावरच आहे, अब्बा.

दादामियाँ : असू दे. वाच. बातमीपटवाले काय म्हणतात?

नसीमबी : मागच्या दंग्याचं रीळ परत पाठवलंय. चित्र... हलतंय, म्हणतात.

दादामियाँ : हलणारच. डोकं फुटलेला माणूस माझ्या खांद्यावर कोसळला होता. उद्या आपल्या इथल्या वाशीच्या बाजारात लोक गावाबाहेर चाललेले ज्वारीचे ट्रक अडवणार आहेत. व्यापाऱ्यांची माणसं कुऱ्हाडी परजून बसलीत. उद्या कॅमेऱ्याचा स्टँडच नेतो. लांबची लेन्स लावतो, दूर राहून घेतो.

नसीमबी : स्टँड घेऊन पळता येईल?

दादामियाँ : बलभीम आहे की उचलायला.

नसीमबी : आणि फोकस? लांबच्या लेन्सला अंतर बरोब्बर लागतं. तुम्ही दोरीनं फूट मोजेपर्यंत दंगा थांबणार आहे का?

दादामियाँ : डोळ्यानं लावीन. निजामाच्या अमलापासून लावतोय.

नसीमबी : छोटी लावा. आठ फुटांपुढचं सगळं आपसूक स्पष्ट येतं. स्टँड नको, हातात धरली तरी चित्र फारसं हलत नाही.

दादामियाँ : छोटीतून माणूस असतो त्याहून लांब दिसतो, बेटी.

नसीमबी : मग दोन पावलं पुढं जा. भिता काय?

दादामियाँ : बापाला भित्रा म्हणते. लाव, छोटीच लाव.

(दादामियाँच्या दफनाला तीन दिवस झाले आहेत. बलभीम कॅमेरा घेऊन घरी आला आहे.)

बलभीम : पुसलाय म्या. पट्ट्याच्या शिवणीतलं रगत तेवढं निघंना.

नसीमबी : कसं झालं, बलभीमदादा? काही गाळू नका.

बलभीम : पयल्या ट्रकचा डायवर खाली वढला, दगडानं जबडा फोडला त्याचा. मग कुऱ्हाडी चालल्या. एकाचा हात कोपरापासनं लोंबत हुता. दादामियाँ कॅमेऱ्याला डोळा लावून मधी घुसले. म्या मागं वढाय लागलो, तर हसून म्हनले, लेकीनं दोन पावलं पुढं जायला सांगितलंय.

नसीमबी : हसून?

बलभीम : व्हय. तेवढ्यात एक जण कुऱ्हाड उगारून सरळ त्यांच्याकडंच. म्या लई वरडलो. ते म्हनले, लांब हाय अजून. तीन हातावर हुता, ताई. मानेवर घाव बसला. पडले, तरी कॅमेरा छातीशी धरलेला.

नसीमबी : पाणी घ्या.

बलभीम : नगं. एकच कळंना मला. येवढा मुरलेला माणूस. समोरचा त्यांना दिसला कसा न्हाय?

नसीमबी : पत्रात हलतंय असं नव्हतंच. सगळं चित्र धूसर आहे, असं लिहिलं होतं. मी वाचलं नाही.

बलभीम : म्हंजी?

नसीमबी : सहा महिने झाले, अब्बांची नजर कमी होत होती. मी पाहत होते. त्यांना कळू नये म्हणून मी लेन्स बदलून दिली.

बलभीम : ताई...

नसीमबी : त्या दिवशी एवढंच म्हणायला हवं होतं : अब्बा, तुम्हाला दिसत नाही. उद्या जाऊ नका.