नवरदेव थांबा, क्लॅरिनेटची पाळी आहे!

...आणि बोल मात्र सगळे मलाच लावतात! तुम्हाला सांगतो, माझा अपराध एवढाच, की मी वाचतो. चौथीत शाळा सुटली, परंतु धरणगावच्या वाचनालयात जॅझवर ग्रंथ आला तेव्हा तो घरी नेणारा पहिला मी, बहुधा शेवटचाही! त्यात नातीचे, मोहिनीचे, लग्न ठरले. बँडमास्तर हेमराजला बोलावले. ‘ट्रम्पेट आहे का रे?’ ‘शे ना, नाना.’ ‘क्लॅरिनेट? सॅक्सोफोन? ट्रॉम्बोन?’ ‘बठ्ठं शे!’ म्हणजे जॅझ बँड गावातच होता हो, कोणी ओळखला नव्हता इतकेच! डबल बास, म्हणजे ते माणसाएवढे व्हायोलिन, तेवढा नव्हता. त्या जागी उखर्डूचा ढोल नेमला. मग नियम समजावला: आधी सर्वांनी मिळून धून, नंतर एकेकाने आपल्या पाळीला मनातले वाजवायचे, पाळी कोणी मोडायची नाही. पुस्तकात तसे स्पष्ट लिहिले आहे!

मुहूर्त बारा पस्तीसचा. साडेअकराला नवरदेव मारुतीच्या पारावरून घोड्यावर निघाला, मांडव दोनशे पावलांवर... आणि क्लॅरिनेटवाल्या कौतिकची पाळी आली! चाळीस वर्षे हा गृहस्थ मास्तराच्या खुणेवर वाजवत आलेला. ‘तुझ्या मनातले वाजव’ असे त्याला जन्मात कोणी म्हटले होते काय? डोळे मिटले त्याने... वीस मिनिटे! मग ट्रम्पेट कसा मागे राहील? मग सॅक्सोफोन, मग ट्रॉम्बोन! आणि प्रत्येक पाळीला मिरवणूक जागच्या जागी, घोडा पेंगतो आहे, सोनगीरचे वऱ्हाड नाचून घामाघूम, आमच्या सौभाग्यवती मंदाबाई ओट्यावरून ओरडताहेत, ‘अहो, चुलीत घाला ते पुस्तक!’ तेवढ्यात भटजी धावत आले: ‘नाना, पाच मिनिटे उरली!’ मी हेमराजचा हात धरला, म्हटले, थांबव बाबा. तो म्हणतो कसा, ‘आते कसं थांबाडू, नाना? उखर्डूनी पाळी बाकी शे. तुम्हीच तं सांगं, पाळी कोनी मोडानी नही!’ खरेच होते की! पुस्तकात तसे स्पष्ट लिहिले आहे!

उखर्डूने काठी उगारली, आणि मांडवातून साक्षात नवरी धावत आली! मुंडावळ्या बांधलेल्या, शालू खोचलेला, पाय अनवाणी. त्याच्या हातची काठी हिसकावली. ‘उखर्डूबाबा, आधी माझी पाळी!’ एकच टोला... असा, की घोडासुद्धा आपण होऊन मांडवाकडे चालू लागला! ‘झाली पाळी. चला!’

मुहूर्त साधला हो, एक मिनिट राखून साधला. परंतु आता हेमराज ज्या लग्नघरी सुपारी घेतो तिथे आधी बजावतो, ‘शेवटला टोला नवरीच हाणी!’ कोणी कारण विचारले, तर माझ्याकडे बोट दाखवतो... ‘नानाना पुस्तकमा लिखेल शे!’