सूनबाई, धार सरळ ठेव

— नाही गं, तलवार नाही चावत. चावणारी सासू ही इथे उभी आहे! धर पुन्हा. अशी आवळू नकोस — मूठ म्हणजे काय नवऱ्याचा कान आहे? करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट घट्ट, बाकीची नुसती टेकलेली. हां. पुढचा गुडघा बाहेर काढ, नाहीतर त्या खुंटावरच्या चटईसोबत तोही जायचा, आणि मग माझा लेक गावभर सांगेल, आईने बायकोचा पाय कापला म्हणून. सांगू दे! त्याला एवढं शिकवलं, तर मेला धुणं आपटावं तशी तलवार आपटायचा — पातं वाकडं, आणि चटईची गुंडाळी खुंटावर मजेत उभी.

जोर लावायचाच नाही मुळी. धार जिकडे बघते तिकडेच पातं गेलं पाहिजे, जरा तिरपं झालं की अडकलंच. खांद्यावरून तिरकी खाली आण, आणि आणता आणता ओढ. पाव दाबून कापतेस का तू? नाही ना? मग!

मी करून दाखवू? काल नाही का दाखवलं? — बरं, नाही दाखवलं. परवाही नाही. अशी बघू नकोस. हात वर जात नाही माझा, झालं समाधान? माझे केस तूच विंचरतेस, तरी कळलं नाही तुला? — कळलं होतं? आणि बोलली नाहीस? लबाड! संध्याकाळी प्रात्यक्षिकाला हॉल भरेल, आणि आपल्यातलं कुणीच तलवार घेऊन उभं राहिलं नाही तर लेक माझ्या या तालमीला कुलूप लावून इथे टाइल्सचं दुकान टाकणार. ठरलंय त्याचं. मी टाइल्स विकू या वयात? देवाला रोज सांगते — एकीच्या तरी हातात ही विद्या येऊ दे रे बाबा. चल, मार.

— हात्तिच्या! हुकलं! वारा कापलास, चटई आहे तशीच. रडतेस काय, पुन्हा — थांब. हलू नकोस. चटईवर ही रेघ कसली? बोट लावून बघते —

अगं बाई. पडलं की वरचं अर्धं! इतकं स्वच्छ कापलंस, की चटईला स्वतःलाच कळलं नाही!

जा आता, दोन घास खाऊन घे. संध्याकाळी माझं नाव पुकारतील, तेव्हा तू ऊठ. — माझ्याकडे काय बघतेस? डोळ्यांत चटईचा भुसा गेलाय. जा म्हणते ना!