दुपारी बाराची सभा

माझं शुद्धलेखन कच्चं आणि शब्द साधे, सांभाळून घ्या. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही! कॉव्हेंट्रीतल्या मराठी वाचन गटात परवा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. कादंबरी दोन महायुद्धांच्या मधल्या अमेरिकन कॉलेजातली. युद्धाविरुद्धच्या सभेला सगळी मुलं वर्ग सोडून जातात. मेसमध्ये भांडी घासून शिकणारा नायक तेवढा जात नाही.

"भित्रा लेकाचा!" डॉक्टरकाका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे डिग्रीवाले, मी नववीत शाळा सोडलेला. हसतील म्हणून वर्षभर गप्पच बसायचो.

"काका, सभा दुपारी बाराला आहे."

"मग?"

"ती जेवणाची वेळ. तेव्हा सिंक सोडून गेलं तर काम जातं. काम गेलं की त्याचं कॉलेजही गेलं. मी रेस्टॉरंटमध्ये भांडीच घासतो, म्हणून सांगतो."

सगळे भराभर पानं उलटायला लागले. "अगबाई, बोलतो की हा!" मेघाताई म्हणाली.

काकांनी चष्मा काढला. "अरे, मी दोनदा वाचली, मला दिसलंच नाही! पुढचं पुस्तक तू निवडायचंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी लायब्ररी उघडायच्या पाऊण तास आधीच मी दारात उभा होतो.