सरळ रेषेतला ताप

नाही नाही, बसा हो काका, उठू नका — आत सिस्टर तिचं रक्त घेतायत, पाच-दहा मिनिटं लागतील, तोवर मी टेकते इथं तुमच्याजवळ. ती पिशवी जरा सरकवा — हं, बास. सकाळपासून तीन मजले झालेत, पाय बोलायला लागलेत माझे. ओळखलंत ना मला? नाव नका आठवू, कुणालाच आठवत नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांचं नाव घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं — का नसावं, ते आजाराला मारतात. मी जंतूवाली. इथली माणसं मागून जंतूबाई म्हणतात, ठाऊक आहे मला, म्हणू देत. केमोनं तुमच्या मुलीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या की घराची दारं सताड उघडी, आणि मग कोण कुठल्या दारानं आत शिरलं ते हुडकायचं माझं काम. म्हणजे काय करते, तर नळ्या बघते, बाटल्या बघते, येईल त्याला हात धुवा म्हणून सांगते, आणि मुख्य म्हणजे थांबा म्हणते. ताप आहे, केमो थांबवा. जंतू आहे, ऑपरेशन थांबवा. थांबा म्हणणारं माणूस कुणाला आवडतं हो? मला पण नसतं आवडलं.

तुमच्या मुलीची मागच्या वेळची केमो मीच थांबवली होती — दोन आठवडे गेले त्यात. तुम्ही तेव्हा त्या खिडकीपाशी उभे होतात. तिथून बघितलंत माझ्याकडे. तसं सगळेच बघतात, मला सवय झालीय. — खोटं बोलतेय, नाही झाली सवय.

ही तुमची वही. फाइलीत लावलेली होती, मी काढून आणली. घरी रोज ताप बघून लिहा, शंभरच्या वर गेला की तडक इकडे या, असं सांगितलं होतं ना आपण केमो झाल्यावर? काय सुरेख वही ठेवलीय — पट्टीनं आखलेले रकाने, तारीख, वेळ, ताप. नकाशे काढायचात ना तुम्ही, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात? पोरगी सांगत होती कौतुकानं, बाबांची रेघ कधी थरथरत नाही म्हणून. खरंय तिचं. पहिले सात दिवस कसं आहे — सत्त्याण्णव पॉइंट सहा, अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ, एकदा नव्व्याण्णव. आणि मग शेवटचे चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आठच्या आठ वेळा. काका, माणसाचा ताप असा सरळ रेषेत नाही चालत. धडधाकट माणसाचाही संध्याकाळी थोडा वर जातो. आणि या आठही ओळी एकाच बैठकीत लिहिल्यात, शाईसुद्धा एकसारखी — बघा, मान खाली घालू नका. रागवायला आले नाही मी. रागवायला ताकद लागते, ती दुसऱ्या मजल्यावरच संपली.

गोळ्या दिल्यात ना, ताप दबावा म्हणून? वाटलं असेल, कळवलं तर ही बाई पुढची तारीख पण पुढे ढकलणार. सगळ्यांना वाटतं. तुम्ही पहिले नाही. एक बाई होत्या, तपासणीच्या आधी जिन्यात नवऱ्याच्या तोंडात बर्फाचे खडे कोंबायच्या, थर्मामीटरला फसवायला. तो बिचारा दात वाजवत आत यायचा, आणि ताप बघावा तर नाहीच. मला हसू आवरेना तेव्हा. तो वाचला, म्हणून ते हसू अजून आठवायला बरं वाटतं.

पण गोळ्यांचं सोडा, ते मी धरूनच चाललेय. मला दुसरं विचारायचंय. दाखल केलं तेव्हा जंतू उगवतो का बघायला तिचं रक्त बाटल्यांत घालून उबेत ठेवलं, त्यात काहीही उगवलं नाही. आज तिसरा दिवस. एकशे तीन ताप, आणि बाटल्या कोऱ्या. याचे दोन अर्थ — एक तर ही बुरशी आहे, तिचं औषध वेगळं आणि मूत्रपिंडांवर फार जड. नाहीतर जंतूच आहे, पण घरी कुणीतरी कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूल दिल्या, त्यानं तो मेला नाही, नुसता दडला, आणि आम्ही ओततोय ते औषध त्याच्या अंगवळणी पडलंय. तसं असेल तर औषध बदलायचं, आजच, जेवायच्या आधी. दोन्ही देऊन टाका म्हणाल. देता येतील, पण तिची मूत्रपिंडं केमोनं आधीच मेटाकुटीला आलीत, दोन्ही सोसायची नाहीत ती. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतायत बुरशीचं सुरू करू. मी म्हटलं अर्धा तास द्या, तिच्या बाबांशी बोलून येते. एवढंच माझं शास्त्र, काका. पंचवीस वर्षं शिकायचं आणि शेवटी बाकावर बसून विचारायचं, घरी काय दिलं होतंत?

सांगा. — बरं, राहू दे, मीच बोलते. मला एक ताई होती. थोरली. आई लवकर गेली, माझ्या वेण्या तिनं घातल्या, डबे तिनं भरले, डॉक्टर झाले तर तिच्या बळावर. याच इमारतीत तिची केमो चालली होती, पाचव्या मजल्यावर. गाठ वाढत होती आणि एकदा तारीख पुढे गेलेली — कुणामुळे, तर माझ्याच हाताखालच्या डॉक्टरनं नियम दाखवला म्हणून. पुढच्या वेळी सकाळी घरी थर्मामीटर लावला तर एकशे एक. काय केलं असेल मी? मी, जंतूबाईनं? दोन गोळ्या दिल्या आणि वर कोमट पाणी. म्हटलं, आजचा दिवस निभावू दे, उद्यापासून बघते मी सगळं. इथं आल्यावर फॉर्म पण मीच भरला. गेल्या आठवड्यात ताप? नाही. खाली माझी सही. माझी सही बघितल्यावर कोण काय विचारणार? चढवली केमो. सहाव्या दिवशी — जाऊ दे. सहाव्या दिवशी ती गेली. कारण शोधायला तिघं बसले, त्यात मी होते. संसर्ग कुठून आला ते कळले नाही, ही ओळ माझ्या अक्षरात आहे. हे मी का सांगतेय तुम्हाला? कुणाला सांगितलेलं नाही हो. कुणी विचारलं असतं तर बोलले असते, असं कितीतरी वर्षं मनाशी म्हणत आले. आता म्हणत नाही. नसते बोलले.

काय? — खिशात? काढा, बघू पाकीट. हं. चारच उरल्यात यात. कुणाच्या होत्या, तुमच्या? दाढ काढली तेव्हाच्या. दिवसातून दोन? चार दिवस. बरं. बरं, काका. चष्मा काढा, पुसा आधी. चांगलं केलंत — म्हणजे चांगलं नाही केलंत, पण सांगितलंत. थांबा, फोन लावते. — हॅलो, मी बोलतेय. बुरशीचं औषध चढवू नका. हो, थांबवा. घरी चार दिवस कॅप्सूल झाल्यात. आत्ता देतोय ते बंद, दुसरं सुरू करायचंय, लिहायला मी येतेच. खात्री? हो, तिचे वडील माझ्याजवळ बसलेत.

वाचेल का, ते नका विचारू. माहीत नाही मला. सकाळी उठले तेव्हापेक्षा आत्ता थोडा जीवात जीव आलाय, एवढंच खरं सांगू शकते. उद्या नवी वही आणा. रेघ वाकडी आली तरी चालेल.

ताईला? — ताईला माहीत होतं का, म्हणता? तिनं विचारलं होतं ना. गोळ्या हातात घेऊन. ताप आहे का गं मला? मी म्हटलं, छे, प्रवासात डोकं दुखू नये म्हणून देतेय. तिनं लगेच गिळल्या. तिला कशाला शंका येणार, मीच देत होते ना.

आल्या सिस्टर बाहेर. उठा. कोपरापर्यंत हात धुवा आणि जा आत.