नमुना-घराचे दार

मी सावळीराम बहिरू पगारे, वय ६३, धंदा फोटोग्राफी, राहणार सातपूर गाव, नाशिक. आज दि. १४/११/१९८२ रोजी बोलावण्यावरून पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

आमच्या गावाशेजारी कामगारांच्या सोसायटीची घरे बांधली जात आहेत. ठेकेदार देवरामशेठ. सभासदांना दाखवण्यासाठी शेठनी गेल्या वर्षी त्याच जागेवर एक घर आधी बांधले, खऱ्या मापाचे, दारे-खिडक्या बसवून. त्याला सगळे नमुना म्हणत. त्याचे फोटो शेठनीच माझ्याकडून काढून घेतले.

मी कुणाकडे शिकलेलो नाही. पण नुसत्या भिंतीचा फोटो मी काढत नाही. माणूस उभे केल्याशिवाय घर केवढे ते कळत नाही. म्हणून नमुन्याच्या दारात मी भागीबाईंना उभे केले. त्यांचे यजमान सोसायटीचे सभासद आहेत. डोक्यावर हंडा, हंड्यावर घागर. बाई ताठ उभ्या आणि वर चौकटीपर्यंत वीतभर जागा. शेठ शेजारी हसत उभे आहेत. तो फोटो पाहून लोकांनी होकार दिला.

दसऱ्याआधी नमुना पाडला. ट्रकला आडवा येतो म्हणाले.

काल भागीबाई स्वतःच्या ठरलेल्या घरात नळाचे पाणी घेऊन गेल्या, तर घागर चौकटीला आपटली. भिजल्या अंगाने माझ्या दुकानात आल्या. म्हणाल्या, "दादा, मी वाढले का दार आखडलं? ह्या वयात वाढायची नाय मी!" घागरीला पडलेला पोचा मी पाहिला.

मी कॅमेरा घेऊन त्यांच्यासोबत गेलो. तीच बाई, तोच हंडा, तीच घागर. चौकटीखाली बाईंना गुडघ्यांत वाकावे लागले. मी फोटो काढला. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. इथे शीत घोटीच्या तांदळाचे दाखवले आणि भात रेशनचा वाढला.

शेठ आले आणि ओरडले, "कोण रे हा नमुना? कॅमेरा काढून घ्या त्याचा!" मी म्हणालो, "शेठ, तुमचा नमुना तुम्ही पाडलात. हा पडायचा नाही." गवंडी हसले. शेठनी माझ्यावर तक्रार दिली आहे, पण मी कुणाच्या अंगावर गेलो नाही, शिवी दिली नाही. भागीबाईंच्या घरात त्यांच्या सांगण्यावरून शिरलो, त्याला घुसणे म्हणत नाहीत.

जमादारसाहेब म्हणाले, "बाबा, दोन्ही निगेटिव्ह शेठला देऊन टाका, प्रकरण मिटेल." साहेब माझ्या मुलाच्या वयाचे आहेत, त्यांच्यावर राग नाही. पण नमुना आता फक्त त्या निगेटिव्हवर उभा आहे. तो दिला तर इतक्या बायाबापड्यांनी जन्मभर आपल्याच घरात वाकून शिरायचे. फोटो हवे तेवढे धुऊन देतो. निगेटिव्ह देणार नाही. कुठे ठेवले तेही सांगणार नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "चोरून फोटो काढले" असे होते. ते माझे बोलणे नाही, म्हणून खोडून "भर उन्हात, सर्वांदेखत काढले" असे लिहायला लावले. आता माझ्या सांगण्यासारखा झाला आहे, म्हणून सही करतो.

सोबत फोटो दोन. निगेटिव्ह जोडलेले नाहीत.