उशीवरचे दोन थेंब

उत्तनच्या बसमध्ये क्षितिजाच्या पुढच्या सीटवर दोन कोळणी बसल्या होत्या. तिनं मोबाइलचा आवाज बंद केला.

"मंजुळा, झोप लागते का गो आता?"

"न्हाय. सुनेनं लेमन बामचं तेल आणलंय. रोज उशीवर दोन थेंब टाकते. मन शांत होतं म्हणते."

"बाम? डोक्याला लावायचा?"

"न्हाय गो, पाला हाय तो. पुदिन्यासारखा दिसतो, वास लिंबाचा. चांगला हाय."

"मग?"

"आधी उशीला बोंबलाचा वास यायचा."

"तो तर सगळ्या घराला येतो."

"ह्यांच्या डोक्याचा गो. बोटीवरून आले की तसेच आडवे व्हायचे. ते गेले, तरी उशीचा अभ्रा मी धुतला न्हवता."

"सुनेला सांग ना."

"काय सांगू? पोर आठवणीनं टाकते. मी डोळे मिटून पडते, मग तिला झोप लागते."