झाकणाच्या आतल्या तीन खुणा

मनामा पोलीस ठाणे, दि. १२ ऑक्टोबर १९९८, दुपारी चार वाजता.

मी यासीन इब्राहिम सरखोत, वय ६७, धंदा घड्याळदुरुस्ती (शिकवायला कोणी नव्हते, मोडत-जोडत शिकलो), राहणार बाब अल बहरीन वेशीच्या मागे, मूळ गाव दाभोळ, जिल्हा रत्नागिरी, समक्ष हजर राहून लिहून देतो की, अरबी मला बोलता येते, लिहिता येत नाही. म्हणून हा जबाब माझ्या हाताने मराठीत आहे. दुभाषी अन्सार तो साहेबांना अरबीत सांगतील.

खदिजाबींची तक्रार मला ऐकवली. नवऱ्याने, म्हणजे मयत रहिमतुल्लाने, दिलेले स्विस घड्याळ त्यांनी पट्टा बदलायला ड्रायव्हर दत्ताराम याच्यासोबत सीफ भागातल्या घड्याळांच्या शोरूमला पाठवले. शोरूमने नकली म्हणून परत केले. वाटेत दत्तारामने अस्सल काढून नकली ठेवले, असा त्यांचा संशय. तो कालपासून कोठडीत आहे. मला पाहून म्हणाला, "चाचा, मी डबी उघडूनसुद्धा बघितली नाय हो."

साहेबांनी पारख करायला दिलेले घड्याळ मी तपासले. भिंग डोळ्याला लावले की माणसे, पंख्याची घरघर सगळे वर राहते आणि मी मोती काढणाऱ्या पाणबुड्यासारखा सावकाश खाली जातो. खाली हिरवट उजेड असतो, घाई नसते. तिथे दिसले ते असे: तारीख खिडकीत केसभर खाली बसलेली. नावाच्या अक्षरांच्या कडा ओल्या कागदावरच्या शाईसारख्या फुटलेल्या. घड्याळ नकली आहे.

पण ते बदललेले नाही. घड्याळ दुरुस्त केले की झाकणाच्या आत सुईने खूण कोरायची, ही आमची रीत. साहेबांसमोर झाकण उघडले. आत माझ्या नावाचा 'या' आणि साल, तीन वेळा: ९२, ९४, ९६. म्हणजे पहिल्यापासून हेच.

साहेबांनी विचारले, "मग सहा वर्षं गप्प का बसलास?"

९२ साली रहिमतुल्ला स्वतः घेऊन आला होता. मी भिंग लावले आणि तारखेवरच थांबलो. तोच हसला. "कळलं ना चाचा? घेताना मलाही ठाऊक होतं. ऐपत आली की गुपचूप खरं आणीन. घड्याळ खोटं आहे, वेळ तरी तिला खरी दाखवू दे." मग दर दोन वर्षांनी यायचा. तेलपाणी होईपर्यंत स्टुलावर डोळे मिटून बसायचा आणि टिकटिक लागली की उठायचा. गेल्या साली तो गेला. झाकली मूठ म्हणून मी गप्प राहिलो. त्या मुठीत दत्ताराम सापडेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. चूक माझी आहे.

हे लिहीत असताना खदिजाबी समोरच्या बाकावर होत्या. साहेबांनी घड्याळ परत दिले, ते त्यांनी कानाशी धरले.

इथवरचा जबाब अन्सार यांनी आधी मराठीत मोठ्याने वाचला. खदिजाबींनी ९२ सालचा मजकूर पुन्हा वाचायला लावला, दोनदा. मग घड्याळ मनगटावर चढवत म्हणाल्या, "साहेब, दत्तारामला सोडा. मला घरी न्यायला तोच लागतो."

वाचून दाखवले ते मी ऐकले, माझ्या हातचे आहे आणि खरे आहे. खाली सही करतो.

यासीन इब्राहिम सरखोत